शिकायला निघालेलं बिऱ्हाड

आमच्या घरात एकट्यानं कुणी काही करत नसे. एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही असं आय म्हणायची, आणि झाडाखाली कुणी एकटंच बसलेलं दिसलं की शेजारीण हटकायची, काय गं, ताप-बिप आला का? घर म्हणजे कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं खोपटं. तिकोना पेठेच्या वरच्या अंगाला आमची कातकरवाडी, खाली पवनेचं पाणी आणि डोक्यावर किल्ला. एका खोपटात कुणाला खोकला लागला तर पलीकडच्या खोपटातून हळद खा म्हणून सल्ला यायचा. ओढ्याला खेकडे धरायला जायचं ते घोळक्यानं, रानात करांद्याचे कंद उकरायला जायचं तेही घोळक्यानं. उकडलेला करांदा मीठ लावून गरम गरम ज्यानं खाल्ला नाही त्याला मी काय सांगू? त्याची कडसर चव जिभेवर दुपारपर्यंत राहायची. आता त्याच पाण्याच्या काठाला शहरातली पोरं तंबू ठोकून राहतात आणि शांतता मिळते म्हणून येतो असं सांगतात. आमच्या वाडीत शांतता झाली की आम्ही घाबरायचो. काहीतरी वाईट घडल्याशिवाय वाडी गप्प व्हायची नाही.

एक सांगून ठेवते. घरात आम्ही आमची कातकरी बोली बोलायचो. ती इथं जशीच्या तशी उतरवली तर माझ्या नातीलासुद्धा कळायची नाही, म्हणून बा आणि आय यांच्या तोंडी मी मावळातलं साधं बोलणं घातलंय. बा बाहेरच्यांशी तसंच बोलायचा. आय बाहेरच्यांशी बोलायचीच नाही, ती नुसती बघायची, आणि तिचं बघणं भल्याभल्यांना जड जायचं.

पावसाळा वाडीवर आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर, असं आमचं वर्ष. भट्टीवर ठेकेदार माणूस घेत नाही, जोडी घेतो. चिखल एकानं तुडवायचा, साचा दुसऱ्यानं मारायचा, नवराबायको मिळून एक जोडी. म्हणजे कामाला माणूस जात नाही, बिऱ्हाड जातं. टोप, तवा, गोधड्या, मासे धरायचं जाळं, पाट्यावरचा वरवंटा, कोंबड्या आणि कुत्रं. पाटा जड म्हणून ठेवायचा, वरवंटा मात्र न्यायचा. दगड कुठंही मिळतो, हाताला बसलेला वरवंटा मिळत नाही, असं आयचं म्हणणं. बा साचा मारण्यात वस्ताद होता. त्याच्या विटांच्या कडा अशा धारदार यायच्या की मालक गिऱ्हाइकाला दाखवायला त्याच्याच रांगेतली वीट उचलायचा. आमची भट्टी बहुतेक वर्षी उर्शाच्या बाजूला असायची, हायवेच्या गाड्यांचा आवाज रात्रंदिवस कानावर. त्यामुळे माझं शिक्षण दोन गावांत मिळून झालं. दिवाळीपर्यंत पेठेकडची शाळा, पुढं भट्टीजवळची. एका शाळेत पानिपत अर्धवट सोडायचं आणि दुसऱ्या शाळेत जाऊन बघावं तर तिथं इंग्रज येऊन बसलेले. मधल्या काळात काय झालं ते मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

भट्टीवरच मला गवारी मॅडम भेटल्या. लोणावळ्याला एका विद्यापीठाचं कॉलेज होतं आणि त्या कॉलेजात आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एक मदत केंद्र होतं. मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि ते केंद्रही बघायच्या. रविवारी त्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन भट्टीभट्टीवर जायच्या, विटांच्या थप्पीच्या सावलीत पोरांना बसवून वाचायला शिकवायच्या. स्वतः भीमाशंकराकडच्या महादेव कोळी. आमच्याकडे कोळी माणूस कातकऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना पाणी दिलंच नाही. त्यांनीच माठाजवळ जाऊन तांब्या बुडवला, उभ्यानं गटागटा प्यायल्या आणि म्हणाल्या, भट्टीवरचं पाणी इतकं गार कसं? आय तोंडाला पदर लावून बघत राहिली. बारावी झाल्यावर मॅडमनीच मला कॉलेजात घातलं, सगळी धावपळ त्यांची.

त्या पावसाळ्यात मी वाडीवरून एसटीनं ये-जा करायचे. दुधिवऱ्याच्या खिंडीतून गाडी वर चढायची आणि धुक्यात शिरायची, मग लोणावळा येईपर्यंत खिडकीबाहेर काही दिसायचं नाही. मला वाटायचं, कॉलेज असंच असणार, ढगातून गेल्याशिवाय भेटत नाही. कॉलेज म्हणजे जुना दगडी बंगला, त्याला चिकटून नव्या इमारती, मागे मुलींचं वसतिगृह. घाटातून वर येणाऱ्या आगगाड्यांचा आवाज तासातासाला खिडक्यांच्या काचांना जाणवायचा. पहिल्यांदा ग्रंथालयात गेले तेव्हा मी दारातच थबकले. भिंतीच दिसेनात, नुसती पुस्तकं. मला पुस्तकांचं काही वाटलं नाही हो, मला माणसांचं वाटलं. एवढं सगळं लिहायला किती माणसं कामावर न जाता बसून राहिली असतील, आणि त्यांना कुणी उठवलं कसं नाही! ग्रंथपालांनी विचारलं काय पाहिजे, मी म्हटलं काही नाही, नुसती बघते. त्यांनी खुर्ची दिली. मी त्या दिवशी बसून नुसती पुस्तकांची पाठ बघितली.

आणि केंद्र! केंद्र म्हणजे बंगल्यातली एक मोठी खोली, पण तिथं मी जे पाहिलं ते आधी कुठं पाहिलं नव्हतं. नंदुरबारकडच्या भिल्ल पोरी, जव्हारकडच्या वारली, अकोले तालुक्यातल्या ठाकर, आणि आमच्याच मावळातल्या दोघी कोळणी. ज्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्यानं शिकवायचं, अशी तिथली रीत. इंग्रजीला घाबरणारीला संध्याकाळी शिकवणी, घरची आठवण आली की बोलायला एक ताई, दुखलंखुपलं तर डॉक्टरांकडे न्यायला सोबत. आजारी पडलं तर सोबतीला कुणीतरी येणार हे जेव्हा मला कळलं, तेव्हा मी विमलला, म्हणजे नंदुरबारच्या माझ्या मैत्रिणीला, पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच येतात? ती म्हणाली, अगं येतात, वर रागावतातसुद्धा. आज मी त्याच केंद्रात बसते आणि नव्या पोरी मला हेच विचारतात. मीही रागावतेच.

दिवाळी आली. दिवाळीनंतर वाडी रिकामी होणार. त्या वर्षी ठेकेदारानं उर्शाची भट्टी सोडून लांबची धरली होती, पार कर्नाटकाच्या अंगाला. तिथून लोणावळ्याला कोण येणार? आणि मागं राहायचं तर कुणाजवळ? बाचा शिक्षणाला विरोध नव्हता, त्यानं कधी मला शाळेतून ओढून चिखलात घातली नाही. पण एक गोष्ट तो ऐकायचा नाही. मागं कुणाला ठेवायचं न्हाई, एवढं एकच वाक्य बोलायचा आणि विषय मिटायचा. आजारी माणूस असो, बाळंतीण असो, झोळी करून न्यायचं, पण न्यायचं. का म्हणून विचारलं तर आय डोळ्यांनी गप्प करायची.

मग मॅडमचा निरोप आला, पेठेच्या गुरुजींबरोबर. चंद्राची, म्हणजे माझी, वसतिगृहात सोय केली आहे, राहायचं-खायचं सगळं बघू, सोमवारी घेऊन या. बानं निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला. राहायची सोय? व्हय. खायची सोय? व्हय. जागा बघून दिली? व्हय. बाचा चेहरा खुलला. अहो, ठेकेदाराचा निरोप अगदी असाच तर यायचा! पोरीला काम लागलं, मालकीण चांगली आहे, जागा देतेय, खायला देतेय, मग राहिलं काय? त्यानं ठेकेदाराला सांगितलं, आठवडाभर थांब न्हाईतर दुसरी जोडी बघ, आमचं बिऱ्हाड लोनावळ्याला चाललंय. आता हसू येतं. पण तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वसतिगृह मी बाहेरूनच पाहिलं होतं आणि मागे मोकळी जागा भरपूर होती. माझा तर जीव भांड्यात पडला. कॉलेज सुटत नव्हतं, घरही सुटत नव्हतं, आणखी काय पाहिजे!

सोमवारी आम्ही निघालो. बाच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं, आयच्या डोक्यावर टोपांची पाटी, माझ्या काखेत पुस्तकांची पिशवी आणि हातात कोंबड्यांची डालगी, धाकट्या सुमीच्या हातात वरवंटा. पोरगी तो बाळासारखा छातीशी धरून चालत होती. मागून कुत्रं. खाली पवनानगरपर्यंत चालत आणि तिथून दुधाच्या टेम्पोत. खिंड ओलांडल्यावर सुमीनं विचारलं, ताई, तुझ्या भट्टीला धुराडं किती उंच हाय? मी म्हटलं, धुराडं न्हाई, तिथं पुस्तकं हायेत. बा म्हणाला, आसंल, एकेकाचा धंदा. फाटकाशी आलो तेव्हा कॉलेज भरायची वेळ होती. वॉचमननं आधी कोंबड्यांकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग आमच्याकडे. कुठं चाललात, असं त्यानं विचारलं तेव्हा बानं डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवता, ताठ मानेनं सांगितलं, "कामावर. आमची पोरगी हितं शिकती."

आत काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. रेक्टरबाईंचे डोळे पांढरे व्हायचे तेवढे बाकी राहिले. नियमात बसत नाही, पालकांना भेटीच्या वेळेतच येता येतं, आणि कोंबड्या तर कुठल्याच वेळेत नाही, असं त्या सांगत होत्या, तोवर आयनं मागच्या जांभळीखाली तीन दगड मांडून चूलसुद्धा पेटवली होती. तिला कुणी जागा दाखवली नव्हती, पण वारा कुठून येतो, पाणी किती लांब, हे बघून बिऱ्हाड कुठं टाकायचं ते तिचं तिला कळायचं. धूर वसतिगृहाच्या खिडक्यांत शिरला आणि सुकटीचा वास पसरला. पोरी खिडक्यांत गोळा झाल्या. मला वाटलं आता हसतील. विमल धावत खाली आली, चुलीजवळ बसली आणि म्हणाली, मावशी, मला पण. पाठोपाठ जव्हारच्या दोघी. आयनं कुणाला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाकरी मोडून हातावर दिली. तेव्हा कुठं मला उमगायला लागलं की इथं बाकी कुणाचं बिऱ्हाड आलेलं नाही. एवढ्या लांबून लांबून आलेल्या या पोरी सगळ्या एकट्या आल्यात. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या लेखी तो केवढा पराक्रम होता!

मॅडम आल्या. त्यांनी चूल पाहिली, डालगी पाहिली, आणि रेक्टरबाईंना बाजूला नेऊन काहीतरी बोलल्या. मग आम्हाला केंद्राच्या खोलीत नेलं. बा खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला, तर मॅडमही समोर जमिनीवर बसल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की भाऊ, इथं राहायची सोय मुलीची असते, घराची नसते. मागच्या नोकरांच्या खोल्या रिकाम्या आहेत, तिथं आठवडाभर राहा, रेक्टरबाईंना मी सांगितलंय, पण कायमचं नाही जमायचं. बानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. उठत मला म्हणाला, चल बाय, सामान बांध. मॅडम म्हणाल्या, भाऊ, पोरगी हुशार आहे, का नेता? आणि तेव्हा बा दारात उभ्या उभ्या जे बोलला ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

"माझी धाकली भन व्हती, तानी. ठेकेदाराच्या घरी पोर सांबाळायला ठिवली. व्हळीपत्तुर ठेवा म्हनला, राहायची सोय हाय, खायची सोय हाय. आमी व्हळीला गेलो तर घराला कुलूप. कुटं गेली कुनाला म्हाईत न्हाई. माझी आय मरस्तवर प्रत्येक भट्टीवर तिला बघत हिंडली. बाई, तुमी चांगल्या हाव. तो ठेकेदार बी चांगलाच व्हता."

मला आत्या होती हेच मला ठाऊक नव्हतं. आता कळलं की आपण सगळे सदान्‌कदा घोळक्यानं का चालतो, आणि आय भट्टीवर पोचल्या पोचल्या बायकांची तोंडं निरखत का फिरते. मला वाटलं मॅडम हमी देतील, मोठमोठ्या गोष्टी सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांना लहानपणी आश्रमशाळेत ठेवलं तेव्हा त्यांचे वडील दर बाजाराला यायचे आणि कुंपणाबाहेर बसून राहायचे, आत कुणी सोडायचं नाही. कुंपणातून बापाचं मुंडासं तेवढं दिसायचं. मग त्या उठल्या, बाला घेऊन थेट फाटकावर गेल्या आणि वॉचमनला बजावलं, "हा माणूस कधीही आला, दिवसा, रात्री, सुट्टीच्या दिवशी, याला विचारायचं नाही. सरळ आत सोडायचं, आणि पोरगी वर्गात असली तरी बोलावून दाखवायची."

बाचा विश्वास बसला असेल असं समजू नका. तो बाहेर गेला, रस्त्यापलीकडच्या चिक्कीच्या दुकानापर्यंत चालत गेला आणि परत आला. वॉचमन हलला नाही. दुपारी पुन्हा गेला, पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात असताना शिपाई मला बोलवायला आला, बाहेर येऊन बघते तर बा. काय झालं? काही न्हाई, जा बस. तासाभरानं पुन्हा शिपाई. वर्गातली पोरं खुदुखुदू हसायला लागली आणि मी लाजेनं लाल. आज आमच्या केंद्रात पालकांसाठी दोन खोल्या आहेत, बाहेर चूल मांडायला ओटा आहे, आणि फाटकावर कुणाच्याही आईबापाला वेळ विचारली जात नाही. नवे साहेब आले की विचारतात, ही पद्धत कुणी घातली? मी म्हणते, आमच्या बानं, येरझाऱ्या घालून घालून.

पण हे झालं फाटकाचं. बा अजून एका गोष्टीवर अडला होता. पोरगी नेमकं काम काय करते ते त्याला बघायचं होतं. चिखल दिसेना, ओझं दिसेना, संध्याकाळी पोरी हातपाय न मळता बाहेर येतात, हे कसलं काम? मॅडम म्हणाल्या, या बघायला. प्रयोगशाळेत आमचं कांद्याच्या सालीचं काम चाललं होतं. कांद्याचा आतला पापुद्रा सोलायचा, काचेवर ठेवायचा, तांबड्या रंगाचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. बा, आय आणि सुमी दाराशी उभे. मॅडमनी बाला बोलावलं. तो वाकला. आधी दोन्ही डोळे लावायला गेला, मॅडमनी एक मिटायला सांगितला. मग तो जो वाकला तो वाकलेलाच राहिला. वर्ग थांबला. मी पलीकडून त्याच्या पाठीकडे बघत होते. चिखलात राबून वाकलेली ती पाठ मी रोज बघत आले होते, पण अशी निश्चल कधी पाहिली नव्हती.

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच झाला होता. "आवो," तो हळूच म्हणाला, "कांद्यात इटा हायेत."

खरंच होत्या हो. तांबड्या रंगात त्या पेशी म्हणजे हुबेहूब रचलेल्या विटा दिसतात, एकीचा सांधा दुसरीच्या पोटावर, जसा गवंडी घालतो तसा. मी त्या कितीदा पाहिल्या होत्या, वहीत काढल्या होत्या, पण विटांच्या भट्टीवर वाढलेल्या मला ते सुचलं नव्हतं! बा पुन्हा वाकला. त्यानं विचारलं, हिला साचा कुणी मारला? मॅडम म्हणाल्या, कुणीच नाही भाऊ, एक वीट मोठी होते आणि तिच्या आपसूक दोन होतात. भाजत न्हाईत? नाही. अन् कडा इतक्या सरळ? मॅडम हसल्या. मग बानं आयला हात धरून ओढली, बघ म्हणाला, बघ. आय बघायला लागली तसा त्याला राहवेना, तिच्या शेजारून तोही डोकं घालायला लागला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"दोगांनी मिळून बघायची सोय न्हाई व्हय, बाई?"

"नाही भाऊ. एका वेळी एकानंच बघायचं. बाकीच्यांनी वाट बघायची."

त्या दिवशी बा फाटकाकडेही गेला नाही. जांभळीखाली बसून राहिला, जाळं समोर पसरलेलं, पण हात चालत नव्हता. मला वाटलं बिनसलं. मी जवळ जाऊन बसले तर मला विचारत राहिला, पानात पण असतात का? असतात. मान्साच्यात? माणसातही असतात, पण वेगळ्या. त्यानं आपला पंजा उलटासुलटा करून पाहिला, चिरा पडलेला, नखांत माती भरलेला. त्या क्षणी मला माझ्या बापाचं जे अप्रूप वाटलं ते कसं सांगू? सगळ्या वर्गानं ते बघितलं होतं, उत्तरं लिहिली होती, गुण मिळवले होते. हरखून गेला तो हा एकटाच. पुढं मी शिकले, शिकवायला लागले, परदेशातल्या प्रयोगशाळासुद्धा पाहून आले, पण तसं बघणं पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

आठवडा संपायच्या आदल्या संध्याकाळी आय भाकऱ्या थापत होती आणि बा तिला सांगत होता, मी आणि सुमी ऐकत होतो. तो म्हणाला, काम हाय ते. लय मोठं काम हाय. पण ह्या कामाला जोडी चालत न्हाई, एकाच डोळ्याची जागा हाय तितं. आपुन हितं बसून तिची वाट बगायची, त्यापरीस भट्टीवर बसून बगू. आय थापायची थांबली. तानीचं काय, असं तिनं विचारलं नाही, पण ते सगळ्यांनाच ऐकू आलं. बा म्हणाला, "तानीच्या दाराला कुलूप व्हतं. हितलं दार मी रोज ढकलून बघितलंय."

सकाळी सामान बांधलं. गोधड्या, टोप, डालगी. वरवंटा आयनं माझ्या हातात ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घेतला आणि सुमीकडे दिला. पाटा कुठाय तुज्याकडं, म्हणाली. रेक्टरबाई निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांनी सुमीला चिक्कीचा पुडा दिला आणि कोंबड्यांकडे बघायचं टाळलं. पोरी रांगेनं उभ्या. बिऱ्हाड उठताना आमच्यात एक रीत आहे. निघायच्या वेळी घरच्या बाईनं चुलीचे तिन्ही दगड पायानं लाथाडून चूल मोडायची आणि विस्तवावर पाणी ओतायचं. मांडलेली चूल मागं राहिली तर घरातलं एखादं माणूस मागं राहतं, असं मानतात. माझ्या जन्मापासून किती चुली अशा मोडलेल्या मी पाहिल्या, उर्शाच्या, नवलाख उंबऱ्याच्या, कुठकुठल्या. आयनं डोक्यावर पाटी घेतली, एका हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि चुलीकडे वळली. सकाळच्या चहाचा विस्तव अजून लाल होता. तिनं पाय उचलला.

"ऱ्हाऊ दे," बा म्हणाला. "मोडू नगं. आपलं मानूस हाय हितं."

आयचा पाय तसाच अधांतरी राहिला. तिनं बाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाय खाली ठेवला, तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायली आणि चालू लागली. बाच्या डोक्यावर गाठोडं, मागं आय, तिच्या मागं सुमी, शेवटी कुत्रं. घोळका फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याला लागला, आणि त्यात मी नव्हते. मी हमसून हमसून रडले, विमलनं मला धरून ठेवलं. पण भीती वाटली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. आमच्यातली माणसं मागं राहिली ती चुकून राहिली, नाहीतर कुणी ठेवून घेतली म्हणून राहिली. विस्तव तसाच ठेवून, राजीखुशीनं मागं ठेवलेली मी आमच्या कुळातली पहिली.